पिटुकलीची ऊब

केशवराया, तुला नमन. गाईला नमन. गवताला नमन. पाण्याला नमन. चुलीतल्या अग्नीला नमन. जे मोठे आहेत, त्यांना एकदा नमन. जे इवले आहेत, त्यांना दोनदा नमन. कारण देवा, त्यांच्यातही तूच राहतोस, आणि तिथे तू पटकन दिसत नाहीस.

बाळांनो, हात जोडलेत? आता कान द्या.

एका गावात केशवाचे देऊळ होते.
देवळामागे स्वयंपाकघर होते.
स्वयंपाकघरात ओटा होता.
ओट्यावर शेगडी होती.
ओट्याखाली बीळ होते.
बिळात कोण राहायचे?
चिमा चिचुंद्री!

चिमा कशी? इवलीशी. नाक लांब. डोळे बारीक. मिशा सारख्या हलत्या.
चालायची कशी? तुरु तुरु, तुरु तुरु.
बोलायची कशी? चिक चिक, चिक चिक.

चिमाला चार पिल्ले. सगळ्यांत धाकटी पिटुकली.
पिटुकली केवढी? शेंगदाण्याएवढी.

रोज पहाटे सगुणाकाकू यायच्या. पुजारी अच्युतकाकांच्या त्या पत्नी. देवाचा स्वयंपाक त्यांच्याकडे. न्हाऊन यायच्या, काडी ओढायच्या, शेगडीला लावायच्या.
भप्प!
निळी निळी ज्योत लागायची. देवाची खिचडी शिजायची. रट रट, रट रट.
वर खिचडी शिजायची. खाली बीळ तापायचे. पिल्ले उबेत झोपायची.
चिमा म्हणायची, "देवा, तुझे उपकार."

मग काय झाले? धुंधुरमास आला. धुंधुरमास म्हणजे कडाक्याच्या थंडीचे दिवस. त्या दिवसांत देव लवकर उठतो. सूर्य उगवायच्या आधी त्याला गरम खिचडी लागते.

काकू आल्या. काडी ओढली. खर्र!
शेगडीला लावली. फुस्स!
पुन्हा काडी ओढली. खर्र!
पुन्हा लावली. फुस्स!
"अगंबाई! ऐन धुंधुरमासात रुसली की ही!" काकू म्हणाल्या.

देवाला त्या दिवशी नुसता दूधगूळ.
आणि बीळ? बीळ गार. गार गार गार.
पिटुकली कुडकुडली. कुड कुड, कुड कुड.
"आई, थंडी."
चिमाने तिला पोटाशी घेतले. तरी कुड कुड.
चिमाने तिला शेपटीने झाकले. तरी कुड कुड.
"आई, आपली ऊब कुठे गेली?"
"शोधून आणते हं, बाळा. तुम्ही चौघे एकमेकांना बिलगून बसा. हलू नका."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
ओट्यावर चढली. शेगडीपाशी आली.

"शेगडीबाई, शेगडीबाई, पेट ना!"
"का गं पेटू?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना."

शेगडी म्हणाली, "मी कशी पेटू? मला गॅस मिळत नाही. टाकी गॅस देईल, तर मी पेटेन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीस. तुझे भले होवो."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
परसात गेली. परसात होती टाकी. गोबरगॅसची गोल गोल टाकी. पोट जमिनीत, झाकण जमिनीवर. शेण खायची, गॅस द्यायची. गॅस नळीतून शेगडीकडे जायचा.
पण आज टाकीचे पोट वाजत होते. गुड गुड, गुड गुड.

"टाकीमावशी, टाकीमावशी, गॅस दे ना!"
"का गं देऊ?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना.
शेगडी पेटेना."

टाकी म्हणाली, "मी कशी देऊ? पोटात काही नाही. गुड गुड ऐकू येते ना? ती भूक आहे, चिमे. गाय शेण देईल, तर मी गॅस देईन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीस. तुझे भले होवो."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
गोठ्यात गेली. गोठ्यात होती तांबू गाय. गळ्यात घंटा, खुळ खुळ.
तांबूने नाक वर केले. फूं फूं!
"कसला गं बाई वास येतो?"
"माझा येतो," चिमा म्हणाली. "देवाने दिलेला वास आहे. तू आपली ऐक.

तांबूताई, तांबूताई, शेण दे ना!"
"का गं देऊ?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना.
शेगडी पेटेना.
टाकी गॅस देईना."

तांबू म्हणाली, "मी कसे देऊ? गव्हाणीत काडी नाही. खाल्ले नाही, तर शेण कुठून येईल? गवत वाढेल, तर मी शेण देईन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीस. तुझे भले होवो."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
कुरणात गेली. कुरणात होते गवत. पिवळे पिवळे, माना टाकलेले. वारा आला की वाजायचे. सळ सळ, सळ सळ.

"गवतदादा, गवतदादा, वाढ ना!"
"का गं वाढू?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना.
शेगडी पेटेना.
टाकी गॅस देईना.
गाय शेण देईना."

गवत म्हणाले, "मी कसा वाढू? घसा सुकला. पायाशी थेंब नाही. ओढा वाहील, तर मी वाढेन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीस. तुझे भले होवो."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
काटे आले, चुकवले. खडे आले, ओलांडले.
ओढ्याकाठी गेली. ओढा कसा वाहायचा? खळ खळ, खळ खळ. आज मात्र नुसते बुड बुड, बुड बुड. पाणी एका जागी उभे. वर हिरवट साय.

"ओढोबा, ओढोबा, वाहा ना!"
"का गं वाहू?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना.
शेगडी पेटेना.
टाकी गॅस देईना.
गाय शेण देईना.
गवत वाढेना."

ओढा म्हणाला, "बुड बुड. मी कसा वाहू? बुड बुड. माझ्या गळ्यात बोळा बसला आहे. बघ तरी."

चिमाने वाकून पाहिले. काय दिसले?
झेंडूचे हार. तुळशीच्या माळा. शेवंतीची फुले. केळीची पाने. काल देवाला वाहिलेले, परवा देवाला वाहिलेले, त्याच्या आधी वाहिलेले. सगळे निर्माल्य! एकात एक अडकलेले, कुजून काळे झालेले.

"कुणी टाकले हे?"
"टाकले म्हणू नये," ओढा म्हणाला. "पुजारीकाका रोज येतात. हात जोडतात. हळूच सोडतात. मन फार चांगले आहे त्यांचे. पण माझा जीव गुदमरतो गं! काका निर्माल्य काढतील, तर मी वाहीन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीस. तुझे भले होवो."

चिमा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
वाटेत बीळ लागले. चिमा क्षणभर आत डोकावली.
तीन पिल्ले कुडकुडत होती. कुड कुड, कुड कुड.
पिटुकली कुडकुडत नव्हती. पिटुकली गप्प होती.
चिमाने नाक लावले. पिटुकलीचे नाक गार!
"पिटुकले! ए पिटुकले!"
पिटुकलीने एक डोळा उघडला. "आई, आली ऊब?"
"येते हं. येतेच आहे."
चिमाने तिला तिघांच्या मधोमध ठेवले. आणि धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

देवळात गेली. थेट गाभाऱ्यापाशी. अच्युतकाका चंदन उगाळत होते. खर खर, खर खर. काकांना दिसली चिचुंद्री. काका टुणकन उडाले.
"अगं ए! मी सोवळ्यात आहे!"
"मी शिवत नाही काका. उंबऱ्याबाहेरूनच बोलते.

अच्युतकाका, अच्युतकाका, निर्माल्य काढा ना!"
"का गं काढू?"
"माझी पिटुकली कुडकुडते.
बीळ तापेना.
शेगडी पेटेना.
टाकी गॅस देईना.
गाय शेण देईना.
गवत वाढेना.
ओढा वाहेना."

काका म्हणाले, "मी कसे काढू? ती देवाच्या अंगावरची फुले. ती पायदळी येऊ नयेत, म्हणून पाण्यात सोडायची. माझे वडील सोडायचे. त्यांचे वडील सोडायचे."
"पण काका, ओढा गुदमरला."
काकांचा हात थांबला. खर खर थांबली.
"गुदमरला? माझा ओढा?"
"बुड बुड करतो."

काकांनी चंदनाचे खोड खाली ठेवले. मग म्हणाले, "काढायला मी आत्ता काढीन गं. पण काढून ठेवू कुठे? कुणाचाही पाय पडणार नाही, अशी जागा तू दाखव. अशी जागा मिळेल, तर मी निर्माल्य काढीन."
चिमा म्हणाली, "वाट दाखवलीत. तुमचे भले होवो."

पण वाट कुठे होती? जागा कुणाला विचारायची?
चिमा जागा शोधू लागली.

अंगणात गेली. अंगणात मुले खेळत होती. धप धप, धप धप. इथे पाय पडतो!
रस्त्यावर गेली. रस्त्यावर माणसे चालत होती. चपला वाजत होत्या. फटक फटक. इथे पाय पडतो!
पिंपळाच्या पारावर गेली. पारावर शेळ्या चढल्या होत्या. टक टक, टक टक. इथे तर चार चार पाय पडतात!
कौलांवर चढली. वारा आला. भिर्र! पान उडाले आणि खाली अंगणात पडले. मुलांच्या पायाशी. इथेही नको!

चिमा दमली. परसात येऊन बसली. मिशा हलेनात.
"केशवराया," ती म्हणाली, "माझे पाय दुखले. मला काही सुचत नाही. तूच सुचव."

तेवढ्यात आवाज आला.
गुड गुड, गुड गुड.
चिमाने कान टवकारले. कुणाचे गं पोट वाजते?
टाकीमावशीचे!

चिमा उठली. तुरु तुरु, तुरु तुरु.
"टाकीमावशी, तुझ्या पोटात कुणाचा पाय पडतो का?"
"माझ्या पोटात? पाय? झाकण आहे ना मला! मुंगीचासुद्धा पडत नाही."
"आणि मावशी, तू शेणच खातेस का? फुले खाशील?"
टाकी हसली. गदगदून हसली.
"अगं, मी पाला खाते. साली खाते. शिळा भात खाते. फुले तर माझे लाडू! शेणाबरोबर दिलीस, तर आनंदाने खाईन. कुणी मला विचारलेच नाही आजवर."
"मावशी, तुझे भले होवो! भले होवो! भले होवो!"

चिमा धावली. तुरुतुरुतुरुतुरु!
"काका, जागा मिळाली! टाकीचे पोट!"

काकांनी कपाळाला हात लावला.
"टाकी? तिच्यात शेण असते! देवाची फुले शेणात घालू? छे छे छे!"

मागून सगुणाकाकू आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते.
"अहो, मी एक विचारू?"
"विचार."
"देवापुढची जमीन मी कशाने सारवते?"
"शेणाने."
"तुळशीपुढे सडा कशाचा घालते?"
"शेणाचा."
"त्या सारवलेल्या जमिनीवर देवाची फुले पडतात. तेव्हा तुम्ही छे छे म्हणता का?"
काकांनी डोके खाजवले. "नाही म्हणत."
"आणि टाकीत पाय कुणाचा पडणार?"
"कुणाचा पडणार? झाकण आहे."
"पडलाच तर तुमचा पडेल. वाकून वाकून बघायला गेलात तर."
काका हसले. काकू हसल्या. चिमाही हसली, चिक चिक.

मग काका हळू आवाजात म्हणाले, "पण अगं, ती देवाच्या माथ्यावर होती."
काकूही हळू आवाजात म्हणाल्या, "होती. आता देवाची खिचडी शिजवू दे त्यांना. फुलांची सेवा अजून संपलेली नाही, अहो."

काका उठले. देवापुढे उभे राहिले. हात जोडले.
"केशवा, तुझी फुले जपायला गेलो आणि तुझा ओढा बुजवून बसलो. क्षमा कर. या चिचुंद्रीच्या रूपाने सांगायला आलास. उपकार केलेस."

काका ओढ्यावर गेले. धोतर खोचले. पाण्यात पाय घातला.
"आई गं! कुड कुड, कुड कुड!"
"कळली ना काका, पिटुकलीची थंडी?" चिमा काठावरून म्हणाली.
"क-क-कळली!"

काकांनी दोन्ही हात पाण्यात घातले. बोळा धरला. ओढला. हलेना.
पुन्हा धरला. पुन्हा ओढला. हलेना.
"जय केशवा!"
सळ्ळकन बोळा निघाला! आणि काका? काका मागे बसले. कुठे? पाण्यात! छपाक!
काठावर काकू हसू दाबत उभ्या होत्या. त्यांनी सूप पुढे केले.
"द्या इकडे. नीट द्या."

काकू निवडायला बसल्या.
हाराचा दोरा बाजूला. टाकीला सोसत नाही.
प्लॅस्टिकची पिशवी बाजूला. कुणालाच सोसत नाही.
नारळाची शेंडी बाजूला. फार चिवट.
फुले सुपात. पाने सुपात. तुळस सुपात.
काकूंनी एकेक फूल हातात घेतले, कपाळाला लावले, मगच सुपात ठेवले.

आणि मग?

काकांनी निर्माल्य काढले.
ओढा वाहू लागला. खळ खळ, खळ खळ!
"काका, तुमचे भले होवो," ओढा म्हणाला.

ओढा वाहिला.
गवताला पाणी मिळाले. गवताने मान वर केली. हिरवे झाले, उंच झाले. सळ सळ, सळ सळ!
"ओढोबा, तुझे भले होवो," गवत म्हणाले.

गवत वाढले.
गाईला चारा मिळाला. कर्र कर्र, कर्र कर्र! पोट भरले. घंटा वाजली, खुळ खुळ. आणि मग, पच्च! शेण दिले.
"गवतदादा, तुझे भले होवो," गाय म्हणाली.

गाईने शेण दिले.
काकूंनी शेण कालवले. काकांनी पाणी घातले. फुले चुरली, पाने चुरली. सगळे टाकीच्या तोंडात ओतले. गटक गटक, गटक गटक!
"तांबू, तुझे भले होवो," टाकी म्हणाली. "काका, काकू, फुलांनो, तुमचेही भले होवो."

"मावशी, आता दे गॅस!" चिमा म्हणाली.
टाकी म्हणाली, "थांब गं, चिमे. खाल्ले की लगेच होत नाही. अंधारात, उबेत, हळूहळू पचते. देवाचे नाव घे आणि वाट पाहा."

वाट पाहायची? पिटुकलीचे नाक तर गार!

चिमाला काय करावे कळेना. ते काकूंना कळले. काकूंनी जुन्या गोधडीचा तुकडा फाडला. मऊ मऊ तुकडा. हळूच बिळात सरकवला.
"घे गं, चिमाबाई. आमच्या लेकरांनी ओढलेली गोधडी आहे."

मग रोज ऊन आले की चिमा पिल्लांना बाहेर न्यायची. कशी न्यायची? पहिल्याने आईची शेपटी धरायची. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. पिटुकलीने तिसऱ्याची. अशी माळ चालायची, तुरु तुरु, तुरु तुरु. तुळशीपाशी जायची. उन्हात बसायची. ऊन गेले की परत यायची.
थोडी ऊब मिळायची. पण पुरायची नाही. पहाट झाली की पिटुकली पुन्हा कुडकुडायची.

चिमा रोज विचारायची, "मावशी, झाले?"
"गुड गुड. अजून नाही."
"मावशी, झाले?"
"गुड गुड. होत आले."
काकाही रोज यायचे. टाकीला कान लावायचे.
"अहो, वाकू नका!" काकू ओरडायच्या. "पाय पडेल!"

आणि एका सकाळी?
टाकीचे झाकण हलले. थोडे वर आले. आणखी वर आले. फुगले! फुगले! फुगले!
"चिमे!" टाकी म्हणाली. "धाव! मी गॅस सोडते!"

नळीतून गॅस निघाला. सुर्रर्रर्र!
चिमा धावली. तुरुतुरुतुरुतुरु!
काकूंनी काडी ओढली. खर्र!
शेगडीला लावली.
सगळे गप्प. काका गप्प. चिमा गप्प. बिळात पिल्ले गप्प.

भप्प!

निळी निळी ज्योत! झेंडूची ज्योत! शेवंतीची ज्योत! तुळशीची ज्योत!
"टाकीमावशी, तुझे भले होवो," शेगडी म्हणाली.

शेगडी पेटली.
खिचडी शिजली. रट रट, रट रट!
ओटा तापला.
बीळ तापले.
पिटुकलीचे नाक तापले!

"आई," पिटुकली म्हणाली, "आली."
"काय आली गं?"
"ऊब."
आणि पिटुकली झोपली. नाक पोटात, शेपटी नाकावर.

काकांनी देवाला नैवेद्य दाखवला. घंटा वाजवली. टण टण, टण टण! डोळे मिटून म्हणाले, "केशवा, तुझ्याच फुलांवर शिजली. गोड मानून घे."
मग त्यांनी देवापुढच्या ताटातला पहिला घास काढला. तुपाचा, गरम, मऊ घास. स्वतः बिळापाशी आणून ठेवला.
"चिमाबाई, हा तुमचा मान."
काका सोवळ्यात होते. तरी ते जमिनीवर बसले, चिचुंद्रीच्या अगदी जवळ.
चिमाने घासाचे चार वाटे केले. मग काका म्हणाले, "आणि तुझा?"
चिमाने पाचवा वाटा केला.

टाकीच्या दुसऱ्या तोंडातून काय आले? पातळ पातळ खत! काकांनी ते बादलीत भरले. कुरणात नेले. गवताला घातले. गवत आणखी हिरवे झाले. गवत गाईने खाल्ले, गाईने शेण दिले, शेण टाकीने खाल्ले, टाकीने गॅस दिला.
काही वाया गेले का? काही नाही!
कुणी मागे राहिले का? कुणी नाही!

त्या दिवसापासून काका रोज निर्माल्य सुपात काढतात. दोरे वेगळे करतात. फुले कपाळाला लावतात. टाकीपाशी नेतात. आणि म्हणतात, "जा बाळांनो, आता ज्योत व्हा."

बाळांनो, सगळे एकदा म्हणू या:

काकांनी निर्माल्य काढले.
ओढा वाहिला.
गवत वाढले.
गाईने शेण दिले.
टाकीने गॅस दिला.
शेगडी पेटली.
बीळ तापले.
पिटुकली झोपली!

केशवराया, ज्या बाळांनी ही गोष्ट ऐकली, त्यांची अंथरुणे उबदार असू देत. ज्या आईने, ज्या बाबांनी ती वाचली, त्यांचा आवाज गोड राहू दे. जे बाळ अर्ध्यातच झोपले, त्याला उरलेली गोष्ट स्वप्नात सांग.
प्रत्येक घरात चूल पेटती राहो. प्रत्येक ताटात गरम घास पडो. गव्हाणी भरलेल्या असोत. पाण्याच्या वाटा मोकळ्या असोत. ज्या घरी कुणी कुडकुडत असेल, त्या घरी आधी ऊब पोहोचो.
गावाचे भले होवो. पाखरांचे, प्राण्यांचे, किड्यामुंग्यांचे भले होवो.
तुमचे भले होवो. तुमच्या घराचे भले होवो.